आईची भाषा आणि शाळेचा दाखला

आईची भाषा बोलतां येणें हें दैव होय. ती दुसऱ्याच्या मुलाला शिकवितां येणें ही विद्या होय. तीस वर्षें इंग्रजी शिकवीत असतां हा भेद माझ्या मनांत वरचेवर घोळत आला आहे. पण त्याचा खरा अर्थ मला कळला तो स्कॉटलंडांतील गेलिक भाषेच्या शिक्षकांविषयीं वाचतांना.

तेथें माध्यमिक शाळेंत गेलिक शिकवावयाची, तर पदवीच्या अभ्यासांत त्या भाषेचें पुरेसें अध्ययन झालेलें असावें लागतें. त्यानंतर बहुधा एक वर्षाची पदविका, व तींतील जवळजवळ निम्मा काळ प्रत्यक्ष वर्गांत. पुढें आणखी एक वर्ष उमेदवारी. आणि मग १९६५ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या अध्यापक-मंडळाच्या पटावर नांव. गणित किंवा इतिहास गेलिकमधून शिकवावयाचा असेल, तर त्या विषयाची पात्रताही हवीच. असा दुहेरी अधिकारी मनुष्य विरळा. म्हणून प्राथमिक शाळेंत गेलिकमधून शिकलेल्या कित्येक मुलांना पुढें बरेच विषय इंग्रजींतूनच घ्यावे लागतात.

हें वाचतांना मनापुढें दोन उमेदवार उभे राहतात. एक हेब्रिडीज बेटांवर आजीच्या मांडीवर ही भाषा शिकलेला. म्हणी जिभेवर, पण शुद्धलेखनापुढें बिचकणारा. दुसरा ग्लासगोसारख्या शहरांत वाढून प्रौढपणीं ती कष्टानें मिळविलेला. व्याकरण चोख, पण त्या भाषेंत थट्टा करणें त्याला जमत नाहीं. पहिल्याला वाटावें, माझ्या आईच्या भाषेंत माझी परीक्षा घेणारे हे कोण? हा प्रश्न मला उद्धटपणाचा वाटत नाहीं. १८७२ च्या शिक्षणविषयक कायद्यांत गेलिकचा उल्लेखसुद्धां नव्हता. १८९१ च्या खानेसुमारींत ती बोलणारे अडीच लाखांहून अधिक होते. २०२२ सालीं सुमारें सत्तर हजार. ज्या व्यवस्थेनें भाषेस दाराबाहेर ठेवलें, तीच आज तिच्यासाठीं दाखला मागते!

तरीही मी दाखल्याच्याच बाजूचा आहें. नुसत्या प्रेमानें शिकविणाऱ्याला लोक वाखाणतात. पण वेळापत्रकांतील तास, वेतन आणि परीक्षेंतील मान हे पात्र शिक्षकालाच मिळतात. ज्या भाषेस तास नाहीं, तिला मूल परसदारची समजतें.

माझी नात मुंबईंत ज्या शाळेंत जाते, तेथें मराठीच्या तासाला जो शिक्षक मोकळा असेल त्याला पाठवितात. मराठी काय, कोणालाही येतेंच! कोट्यवधि बोलणारे आहेत तोंवर ही बेफिकिरी खपून जाते. गेलिक लोकांजवळ तेवढी पुंजी उरलेली नाहीं. म्हणून भाषा येणें व शिकवितां येणें यांतील अंतर ते दोन वर्षें खर्चून मोजून घेतात. आमच्या शाळांनीं तें आजच, पुंजी शिल्लक असतां, मोजावें असें मला वाटतें.