केल्टिक की सेल्टिक?

रोमन लिपीत लिहिणाऱ्याचं बरं असतं. ‘सी’ हे अक्षर टाकलं की तो मोकळा. उच्चाराचं वाचणारा बघून घेईल. देवनागरीत ही पळवाट नाही. ‘के’ लिहा नाहीतर ‘से’, पण काय ते एक ठरवा. आयर्लंडच्या भाषेवर चार ओळी लिहायला बसलं, की पहिल्याच ओळीत पेन अडतं.

मूळ शब्द ग्रीकांचा, ‘केल्टॉय’. हिरोडोटसच्या लेखनात तो सापडतो. पुढे सीझरने गॉलच्या मोहिमांचा वृत्तान्त लिहिताना तिथल्या एका भागातल्या लोकांबद्दल सांगून टाकलं, की ते स्वतःला ‘केल्टाय’ म्हणवतात, आपण त्यांना गॉल म्हणतो. तेव्हाच्या लॅटिनमध्ये ‘सी’चा उच्चार सरसकट ‘क’. खुद्द सीझरही ‘कायसर’च होता. नंतर ए-ईच्या आधीचा हा ‘क’ मऊ पडत गेला आणि फ्रेंचमध्ये त्याचा ‘स’ झाला. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. ‘त्याचा’ म्हणताना दातांपाशी असलेला ‘च’ ‘त्याची’ म्हणताना टाळूकडे सरकतोच की! अक्षर तेच, पण पुढचा स्वर त्याला ओढून नेतो.

इंग्रजांनी सतराव्या शतकात हा शब्द फ्रेंचांकडून ‘स’सकट उचलला. म्हणून ग्लासगोत १८८७ साली स्थापन झालेला फुटबॉल क्लब ‘सेल्टिक’, आणि बॉस्टनचा बास्केटबॉल संघ ‘सेल्टिक्स’. ‘क’ पुन्हा रुळवला तो विद्वानांनी.

खरी गंमत वेगळीच. आज आयरिश आणि वेल्श लोक केल्ट म्हणून मिरवतात, पण प्राचीन लेखक हे नाव युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोकांना देत, या बेटांवरच्यांना नव्हे. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषांचं नातं एडवर्ड लॉइड या वेल्श अभ्यासकाने १७०७च्या ग्रंथात मांडलं, आणि मग हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृतच्या संभाव्य सोयऱ्यांत केल्टिकलाही बसवलं. सोयरीक खरी निघाली: गॉलच्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावातला ‘रिक्स’ म्हणजे आपल्या ‘राजा’चाच भाऊबंद.

तेव्हा माझ्यापुरता निकाल असा: भाषा, लोक, संगीत यांसाठी केल्टिक, आयरिश आणि वेल्शमध्येही त्या शब्दाची सुरुवात ‘क’नेच होते. संघांसाठी मात्र सेल्टिक. ग्लासगोच्या मैदानात ‘केल्टिक’ म्हणून ओरडणाऱ्याला कुणी विद्वान समजणार नाही.