ताप, गोळ्या आणि गच्चीची कडी

सोमवार, 12 जानेवारी 2026, कोल्हार
पोराला 103 ताप. लोणीला दाखवलं. इन्फ्लुएंझा ए. वजन 31 किलो, म्हणून ऑसेल्टामिविर 60 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. "पोटात काही असू द्या, नाहीतर उलटी होईल," डॉक्टर म्हणाले. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. घरी यायला अंधार पडला.

मंगळवार, 13
मध्यरात्रीनंतर उठला आणि जिना चढू लागला. डोळे सताड उघडे, पण मला ओळखेना. "ढील दे, ढील दे," असं बरळत गच्चीच्या दाराची कडी ओढत होता. वर कठड्याचं काम अर्धवट आहे. दोघांनी धरून खाली आणला. सकाळी त्याला काही आठवत नव्हतं. दूध-बिस्किटं मागून खाल्ली.
सासूबाई म्हणाल्या, "गोळ्या डोक्यात गेल्या. बंद कर." डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तापानेही असं होतं. गोळी चालू ठेवा, त्याला एकटं सोडू नका. झटका आला किंवा हलवूनही शुद्धीवर येईना, तर तडक घेऊन या.

बुधवार, 14
संक्रांत. पतंग खुंटीवरच.
तो झोपला तेव्हा वाचत बसले. सासूबाईंची भीती उगाच नाही. जपानमध्ये हे औषध घेतलेली मुलं इमारतींवरून पडली, तेव्हा मार्च 2007 मध्ये तिथल्या सरकारने 10 ते 19 वर्षांच्या मुलांना ते देऊ नका म्हणून सांगितलं. पण औषध न घेतलेली फ्लूची मुलंही तशीच उठून पळतात, हे दिसत गेलं. 2018 मध्ये ती मनाई उठली. अमेरिकेत टेनेसीतल्या मुलांचा अभ्यास 2025 मध्ये छापून आला. फ्लू झालेल्यांपैकी औषध घेतलेल्यांत मेंदूच्या नि मनाच्या गंभीर तक्रारी जवळपास निम्म्याने कमी निघाल्या. म्हणजे घाबरून गोळी थांबवली असती तर उलटंच झालं असतं.
जपानी पालकांना मात्र एक गोष्ट आजही सांगतात, औषध चालू असो वा नसो: निदान पहिले दोन दिवस पोराला एकटं ठेवू नका, खिडक्या-दारं लावा, जमलं तर तळमजल्यावर झोपवा. आपल्याकडेही औषधाच्या चिठ्ठीवर, "जेवणानंतर"च्या शेजारी, हे लिहून मिळायला हवं. रात्री जागणारी आईच असते.
गच्चीला कुलूप घातलं. अंथरूण ओसरीलगतच्या खोलीत.

शुक्रवार, 16
ताप कालच उतरला. पुन्हा उठला नाही. गोळ्या उद्या सकाळी संपतील.
राहात्याहून नणंदेचा फोन: तिच्या मुलीलाही तेच औषध सुरू झालंय, आणि त्यांची झोपायची खोली माडीवर. तिला म्हटलं, "ताई, आज गाद्या खाली टाका आणि तिच्याजवळच झोपा."