पंचवीस डॉलरांची चिप : ६५०२ आणि झेड-८०

१९७५च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे ‘वेस्कॉन’ हे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचे मोठे प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाच्या दालनात प्रत्यक्ष विक्रीला मज्जाव होता. म्हणून एमओएस टेक्नॉलॉजी या पेनसिल्व्हेनियातील छोट्या कंपनीने सेंट फ्रान्सिस हॉटेलात जागा घेतली आणि काचेच्या बरण्या भरून मायक्रोप्रोसेसर मांडले. पंचवीस डॉलर द्यायचे, बरणीतली एक ६५०२ उचलायची आणि चालू लागायचे. इंटेलची ८०८० वर्षभरापूर्वी बाजारात आली, तेव्हा तिच्या एका नगाची जाहीर किंमत ३६० डॉलर होती.

बरणीच्या तळाकडच्या पुष्कळशा चिप मुळात चालणाऱ्याच नव्हत्या, हे या चिपचे जनक चक पेडल यांनी पुढे स्वतःच सांगितले. उत्पादन धडाक्यात सुरू आहे असे पाहणाऱ्याला वाटावे, एवढ्यासाठी बरण्या काठोकाठ भरल्या होत्या.

हा थ्रेड त्या ६५०२चा आणि पुढच्याच वर्षी तिच्यासमोर उभ्या ठाकलेल्या झेड-८०चा आहे. दोहोंत सरस कोण, हा वाद अर्धशतक लोटत आले तरी मिटलेला नाही. वाद घालणारे बहुधा मेगाहर्ट्झ मोजत बसतात. त्या काळी संगणक बांधणारा मात्र संपूर्ण यंत्राचा खर्च मोजत होता. या दोन हिशेबांची उत्तरे वेगवेगळी येतात.

पेडल आधी मोटोरोलात होते. कंपनीची ६८०० ही चिप ग्राहकांना समजावून देणे हे त्यांच्या कामांपैकी एक. ग्राहक चिपचे कौतुक करीत आणि किंमत ऐकून मागे सरत. तीनशे डॉलर फार होतात, पंचवीसच्या आसपास मिळाली तर हजारो घेऊ, असे त्यांचे म्हणणे. पेडल यांनी स्वस्त चिपचा आग्रह धरला तेव्हा वरिष्ठांनी त्यांना लेखी पत्र देऊन तो विचार थांबवण्यास सांगितले. पेडल यांनी त्या पत्राचा अर्थ आपल्या सोयीने लावला : कंपनीने ही कल्पना सोडून दिली आहे, तेव्हा ती आता आपली. ऑगस्ट १९७४ मध्ये ते मोटोरोलातून बाहेर पडले आणि एमओएसमध्ये दाखल झाले. आणखी सात सहकारी त्यांच्यामागोमाग आले. त्यांत चिपची आखणी करणारे बिल मेन्शही होते.

चिप स्वस्त कशी झाली, हा भाग इतिहासात सहसा दोन ओळींत उरकला जातो. तो तसा उरकण्याजोगा नाही. सिलिकॉनच्या एका चकतीवर अनेक चिप एकाच वेळी छापल्या जातात आणि त्यांतल्या किती चालतात यावर प्रत्येकीचा खर्च ठरतो. चिप जितकी लहान, तितक्या एका चकतीवर अधिक बसतात, आणि एखादा दोष नेमका तिच्यावर येण्याचा संभवही तितका कमी. म्हणून पेडल यांच्या गटाने ६८००मधील जे जे वगळता येईल ते वगळले. दुसऱ्या बाजूने, छपाईचा साचा तयार झाल्यावरही त्यातील दोष दुरुस्त करण्याची हातोटी एमओएसकडे होती. इतर अनेक कारखान्यांत एकदा आलेला दोष त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक चकतीवर उमटत राही. पंचवीस डॉलर ही तोटा सोसून लावलेली किंमत नव्हती. तीमागे कारखान्यातले गणित होते.

बाजाराने हे तत्काळ ओळखले. थोड्याच काळात इंटेल आणि मोटोरोला यांनी आपल्या चिपच्या किमती सत्तर डॉलरांच्या आसपास आणल्या. मोटोरोलाने शिवाय खटलाही भरला. ६५०२ची जुळी बहीण ६५०१ थेट ६८००च्या खाचेत बसत असे, आणि तेच मोटोरोलाला खुपले. १९७६ मध्ये तडजोड झाली : एमओएसने ६५०१ मागे घेतली आणि दोन लाख डॉलर भरले. आधीच कॅल्क्युलेटरच्या किंमतयुद्धात पोळलेल्या छोट्या कंपनीला हा भार जड होता. त्याच वर्षी कमोडोरच्या जॅक ट्रॅमिएल यांनी एमओएस विकत घेतली. जगाला स्वस्त संगणकाची वाट दाखवणारी कंपनी जेमतेम वर्षभरात आपले स्वातंत्र्य गमावून बसली.

तोवर स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या हाती ६५०२ आली होती. त्यांनी आधी ६८००भोवती आखणी केली होती. दोन्हींची बाह्य रचना जवळची असल्याने ती फारशी न बदलता चालून गेली. त्यातून १९७६ मध्ये ॲपल-१ आणि पुढल्या वर्षी ॲपल-२ उभा राहिला.

आता दुसरी बाजू. इंटेलची ८०८० घडवणाऱ्यांतले प्रमुख फेदेरिको फजीन यांनी १९७४च्या अखेरीस इंटेल सोडली आणि राल्फ अंगरमन यांच्यासह झायलॉग काढली. भांडवल आले एक्सॉन या तेल कंपनीकडून. तपशीलवार आखणी मासातोशी शिमा यांनी केली. तेही इंटेलमधूनच आलेले. १९७६ मध्ये झेड-८० बाजारात आली.

पेडल यांची रीत वगळण्याची, तर फजीन यांची भर घालण्याची. ८०८०वर चालणारा कार्यक्रम झेड-८०वर जसाच्या तसा चाले, आणि शिवाय रजिस्टरांचा दुसरा संच व अनेक नव्या सूचना मिळत. ६५०२मध्ये सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर होते, झेड-८०मध्ये सुमारे साडेआठ हजार. एवढी मोठी चिप महाग पडणारच. पण ८०८०ला तीन वेगवेगळ्या दाबांची वीज लागे, झेड-८०ला एकाच पाच व्होल्टची पुरे होई. शिवाय स्वस्त डायनॅमिक मेमरी ही बुडाला बारीक भोक असलेल्या घागरीसारखी असते, ठरावीक वेळाने पुन्हा भरली नाही तर आतले नाहीसे होते. ते भरण्याच्या कामाची सोय झेड-८०च्या पोटातच होती. त्यामुळे चिप महाग, पण तिच्याभोवतीचा पसारा कमी.

आता वेगाकडे वळू. १ मेगाहर्ट्झची ६५०२ आणि ४ मेगाहर्ट्झची झेड-८० शेजारी ठेवल्या तर दुसरी चौपट वेगवान असे वाटते. पण एकाची टांग लांब आणि दुसऱ्याची पावले झपझप, तर नुसती पावले मोजून कोण पुढे हे कळत नाही. मेमरीतल्या दिलेल्या पत्त्यावरचा एक बाइट उचलण्यास ६५०२ला घड्याळाचे ४ ठोके लागतात, झेड-८०ला १३. म्हणजे एकीला ४ मायक्रोसेकंद, दुसरीला ३.२५. चौपटीचा फरक एवढ्यावर येऊन ठेपतो.

प्रत्यक्षातल्या दोन ब्रिटिश यंत्रांकडे पाहिले तर चित्र आणखी पालटते. एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोमध्ये ६५०२ चाले २ मेगाहर्ट्झवर. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रममध्ये झेड-८० चाले ३.५वर. वरचेच काम पहिलीला २ मायक्रोसेकंदांचे, दुसरीला सुमारे ३.७चे. मात्र १६ बिटांच्या दोन संख्या मिळवायच्या झाल्या तर डाव उलटतो. आकडे रजिस्टरांत तयार असतील तर झेड-८० एकाच सूचनेत, ११ ठोक्यांत, मोकळी होते : सुमारे ३.१ मायक्रोसेकंद. ६५०२ला तेच काम आठ-आठ बिटांच्या दोन हप्त्यांत करावे लागते. सात सूचना, २० ठोके, १० मायक्रोसेकंद. आणि मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे हलवायचा असेल तर दोघी जवळपास बरोबरीत येतात : झेड-८०ला दर बाइटमागे ६, ६५०२ला साध्या रीतीने ७.

६५०२जवळ काम करण्यासाठी आठ बिटांची रजिस्टरे तीनच. पण मेमरीतल्या पहिल्या २५६ बाइटांशी ती विशेष लगबगीने बोले. हातात अवजारे तीन, पण पाठीशी २५६ खणांचे कपाट, अशी तिची कारागिरी. झेड-८०ची अवजारे कमरेलाच लटकलेली असत. ती संपली की मात्र तिला लांब चालत जावे लागे.

यात एक मेख आहे. ६५०२ जवळजवळ प्रत्येक ठोक्याला मेमरीकडे हात पसरते, म्हणून घड्याळ वाढवले की मेमरीही तितकीच चपळ लागते. वॉझ्नियाक यांनी ॲपल-२मध्ये याचा सुरेख फायदा घेतला. ६५०२ ठोक्याच्या अर्ध्या भागातच मेमरी वापरते; उरलेल्या अर्ध्यात पडद्यावरचे चित्र त्याच मेमरीतून वाचले जाई, आणि त्या वाचनातच मेमरी ताजीही राही. दोघांचे काम एका पाणवठ्यावर, कोणी कोणाला न अडवता. बीबीसी मायक्रोने हेच दुप्पट वेगाने करायचे ठरवले आणि त्यासाठी सेकंदाला चाळीस लक्ष वेळा वाचता येईल अशी खास मेमरी शोधावी लागली. ती स्वस्त नव्हती.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांची वाट निराळी. त्यांच्या १९८०च्या झेडएक्स-८०मध्ये पडदा रंगवण्याचे काम खुद्द झेड-८०वरच टाकलेले होते. ती हिशेबात गुंतली की पडदा नाहीसा होई. हसू येण्याजोगी तडजोड, पण तयार यंत्र शंभर पौंडांच्या आत मिळे. दोन वर्षांनी ४८ के मेमरीचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांना आला, तेव्हा ३२ केचा बीबीसी मॉडेल बी ३९९ पौंडांना होता. बीबीसीचा कळफलक उत्तम, जोडण्या विपुल आणि सोफी विल्सन यांनी लिहिलेले बेसिक त्या काळच्या सर्वांत वेगवान बेसिकांपैकी एक. तरीही ‘स्वस्त’ म्हणून जन्मलेली ६५०२ इथे महागड्या यंत्रात बसली होती आणि मोठी झेड-८० गरिबाघरच्या. पैशाच्या मोबदल्याचा निवाडा एकट्या चिपवरून करणारे इथे हमखास फसतात.

भारतातल्या काही शाळांत पोचली ती त्यांतली महागडीच. केंद्र शासनाच्या १९८४-८५च्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पात आरंभी सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो देण्यात आले. आज पन्नाशी ओलांडलेल्या काहींनी आयुष्यातली पहिली कळ दाबली ती ६५०२ची.

कार्यालयांत मात्र झेड-८०ची सरशी झाली, आणि तिचे कारण वेगात नव्हते. गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम ही कार्यप्रणाली ८०८०साठी लिहिलेली, म्हणून झेड-८०वरही चालणारी. पत्रलेखन आणि हिशेबाचे गंभीर कार्यक्रम तिच्यावर होते. ॲपल-२वाल्यांना ते हवे होते. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी एक कार्ड विकायला काढले, त्यावर चक्क झेड-८० बसवलेली. किंमत ३४९ डॉलर. मूळ ६५०२च्या चौदा पटी मोजून लोक प्रतिस्पर्धी चिप आपल्या यंत्रात घालून घेत होते, कारण त्यांना हवे असलेले कार्यक्रम तिच्याच भाषेत लिहिलेले होते. पुढे कमोडोरनेच १९८५च्या आपल्या १२८ या संगणकात ६५०२च्या वंशातील चिपशेजारी झेड-८०ला बसवले.

एकॉर्नला तोवर ६५०२ अपुरी पडू लागली होती. बाजारातल्या १६ बिटांच्या चिप त्यांनी तपासल्या. मेमरीचा पुरेपूर उपयोग करण्याची ६५०२ची सवय त्यांत कोणालाच नव्हती. १९८३ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर अमेरिकेत बिल मेन्श यांच्या कंपनीत गेले. ६५०२ची पुढची पिढी तेथे मोजकी माणसे घडवीत होती. एवढ्याशा गटाला जमते तर आपल्यालाही जमेल, असे मनाशी धरून दोघे केंब्रिजला परतले. त्यांची स्वतःची चिप २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्यांदा चालली. तिचे नाव एआरएम. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये तिचेच वंशज असतात.

झायलॉगने स्वतंत्र चिप म्हणून मिळणाऱ्या झेड-८०साठी शेवटच्या मागण्या जून २०२४ मध्ये स्वीकारल्या, पहिल्या विक्रीनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. मेन्श यांची कंपनी ६५०२ची सुधारित आवृत्ती त्यानंतरही विकत राहिली.