गाडीचा पंखा आणि बोअरची मोटर

आज पिकाचं काही नाही, गाडीचं लिहितो. पण वाचा, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात अशीच एक जुनी चारचाकी उभी असते.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. गेल्या आठवड्यात तिला तपासणीला नारायणगावला नेलं. हायवेला गाडी छान पळाली. येताना टोमॅटोच्या पिकअपची रांग लागली, तिच्यात अडकलो. दहा मिनिटांत टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. एसीही गार फेकेना. बोनेटजवळ कान लावला तर पंख्याचा आवाजच नाही. पळत्या गाडीला समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो, उभ्या गाडीला फक्त पंखाच. म्हणून हायवेला काही कळलं नव्हतं.

एसी बंद केला, हीटर फुल्ल सोडला. भर उन्हाळ्यात! पण हीटर इंजिनाची उष्णता ओढून आत टाकतो, काटा तेवढाच खाली येतो. पोरगी घामाघूम. म्हणाली, "दादा, मी उतरून चालत जाते." मला हसूही येईना. रांग सुटली तशी गाडी बाजूला सावलीत घेतली, बंद केली आणि तासभर थांबलो. झाकणाला हात लावला नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेतलेला माणूस मी पाहिला आहे.

गॅरेजवाल्याने पंखा बोटाने फिरवून बघितला, म्हणाला मोटर गेली, मजुरीसकट ४८०० रुपये. मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात सौ. म्हणाली, "बोअरची मोटर बंद पडली की तुम्ही लगेच वर काढता का?"

खरंय. बोअर बंद पडला की आपण आधी फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो, केबलचा जोड बघतो. मोटर वर काढायची पाळी शेवटी. मग गाडीलाच वेगळा न्याय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीवर बसलो. पंख्याचा फ्यूज काढून बघितला, चांगला होता. गाडी चालू करून एसी लावला, कारण आमच्या गाडीत एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. रिलेवर बोट ठेवलं, टक्क झालं. म्हणजे रिले हुकूम घेतोय. टेम्परेचर सेन्सरवरचा संशयही कमी झाला, कारण एसी लावूनही पंखा हलत नव्हता. गाडी बंद करून पंख्याचं कनेक्टर सोडलं आणि बॅटरीवरून दोन जाड वायरी थेट मोटरला दिल्या. पंखा भन्नाट फिरला. ४८०० रुपये तिथेच वाचले.

मग दोष कुठे? १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घेतला. एसी चालू ठेवून कनेक्टरच्या दोन्ही टोकांना लावला, पेटेना. लॅम्पचं एक टोक कनेक्टरच्या प्लसला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला लावलं, लगेच पेटला. करंट येत होता, अर्थिंग नव्हतं. वायर धरत धरत गेलो तर हेडलाइटखाली पत्र्याला बोल्टने आवळलेलं थिंबल सापडलं. गंजून हिरवं-पांढरं झालेलं, हात लावताच तुटलं.

चूक माझीच. मी गाडी एचटीपी पंपाच्या गनने धुतो, बोनेट उघडून, जोरात. फवारणीची गनही तीच, नीट न धुता वापरलेली. ते पाणी कुठे कुठे शिरत असेल, विचारच केला नव्हता.

पत्रा पॉलिश पेपरने घासून चकाकी आणली, नवं थिंबल बसवलं, वरून ग्रीस लावलं. उकळून कमी झालेल्या जागी त्या दिवशी विहिरीचं पाणी भरलं होतं, तेही काढून कूलंट भरलं. आपल्या क्षाराच्या पाण्याने ड्रिपची काय अवस्था होते ते माहीत असून मी तेच रेडिएटरला पाजत होतो.

एक सांगतो, पंख्याजवळ हात घालायचा तर बॅटरीचं मायनस सोडूनच. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरतो.

संध्याकाळी अंगणात एसी न लावता गाडी नुसती चालू ठेवली. काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला, पंखा सुरू झाला, काटा खाली आला, पंखा थांबला. असं तीन वेळा बघितलं. पोरगी ओट्यावर बसून मोजत होती.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून आठ दिवस आहेत. गाडी रोज रात्री तोंड रस्त्याकडे करून लावतो.