दोष एकट्या पावसाचा?

शिनोलीवरून डिंभ्याकडे, पुढे भीमाशंकरच्या डोंगरांकडे पाहिले की मला माळीण गाव आठवते. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. पाऊस प्रचंड होता, हे खरेच. पण निचऱ्याला वाट नसलेले पाणी मातीचा भार वाढवते, तिची पकड सैल करते. झाडी तुटलेली, उतार कापलेला असेल तर धोका आणखी वाढतो. पोटासाठी उतारावर भातखाचरे हवीतच, असे कोणी म्हणेल. मलाही ते मान्य आहे. उतारावर अशी खाचरे पाडण्याची पडकई ही इथल्या आदिवासींची जुनीच रीत; माझा आक्षेप उतार न तपासता यंत्र चालवण्याला आहे. पश्चिम घाटासाठीच्या गाडगीळ समितीने २०११ सालीच, काय करायचे ते ग्रामसभांना विचारा, असे सुचवले होते. वाद मात्र तिच्या अहवालातल्या बंदीवरच रंगला, आणि वाड्यांच्या डोक्यावरचे उतार तपासायचे राहिले.