परसातला हौद

६ एप्रिल २०२५, रविवार. नागाव

रामनवमीचा सुंठवडा वाटून झाला आणि मुकादमाने मागच्या परसात फक्की मारली. २६ फूट लांब, १३ फूट रुंद. चार पांढऱ्या रेघा, पण जागेचा चेहराच बदलला.

३ जून २०२० च्या दुपारपर्यंत ही जागा मोकळी नव्हती. निसर्ग वादळाने इथल्या सगळ्या पोफळी एका दुपारीत आडव्या केल्या, शिवाय चार माडही पाडले. पोफळीच्या रोपाला डोक्यावर सावली लागते आणि ती सावलीच वादळाने नेली. दोनदा रोपं लावली, दोनदा करपली. पाच वर्षं तिथे नुसतं गवत होतं.

हौदाचं खरं कारण मात्र गेल्या मे महिन्यातलं. पुतण्या विहिरीच्या पायरीवरून घसरला. आबा कपड्यांनिशी आत गेले आणि त्याला वर घेऊन आले. पोर आठवडाभरात विसरलं, आबा विसरले नाहीत. अर्ध्या आळीला पोहायला शिकवलेला माणूस. त्यांनी स्वतः उभं राहून विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि भिंतीवर टांगलेली असोल्या नारळांची जोडी काढून माळ्यावर टाकली. तेव्हापासून घरातल्या कुठल्याच मुलाला त्यांनी पाण्यात नेलेलं नाही. हौदाचा विषय मी काढला तो त्या जोडीसाठी. भाऊजींनी पैशाचं बघतो म्हणून सांगितलं.

९ एप्रिल, बुधवार

ठेकेदार नकाशा घेऊन आला. एका टोकाला ४ फूट, दुसऱ्या टोकाला ६ फूट खोल. आबांनी नकाशा पाहिला नाही. त्याला हाताला धरून विहिरीवर नेलं आणि जाळीतून आत बोट दाखवलं. काळ्या चिऱ्यांवर शेवाळाची एक रेघ आहे, दरवर्षीच्या पाण्याने ओढलेली. जमिनीपासून जेमतेम एक फूट खाली.

"आषाढात इथनं तांब्यानं पाणी घेतो आम्ही. तुझा हौद तेव्हा कुठं असंल?"

ठेकेदार म्हणाला, पाणी आतून बाहेर जाऊ नये एवढंच आपण बघतो, वॉटरप्रूफिंग पक्कं करू. आबा गप्प बसले. आज विहिरीचं पाणी जमिनीपासून ११ फुटांवर आहे. कडक उन्हात त्या रेघेवर कुणाचा विश्वास बसणार?

१३ एप्रिल, रविवार

आर्किमिडीज मी नववीला बावीस वर्षं शिकवते आहे. आज पहिल्यांदा घरच्या कामासाठी हिशेब मांडला.

सगळीकडे ४ फूट म्हणजे १.२ मीटर खोली धरली. आतून ८ मीटर बाय ४ मीटर, तळ आणि भिंती २० सेंटिमीटर जाड. तळाची लादी भिंतींच्या बाहेर चहूबाजूंनी एकेक फूट काढली तर काँक्रीट होतं साधारण १५ घनमीटर, म्हणजे ३७ टन. आषाढात पाणी जमिनीपर्यंत चढलं तर हाच रिकामा हौद ५३ टन पाणी बाजूला सारतो. १६ टनांची तूट. म्हणजे नाव! जमिनीत बांधलेली, पण नावच. रिकामी राहिली तर उचलली जाणार, आणि एकदा उचलली की पुन्हा सरळ बसायची नाही.

बाहेर काढलेल्या त्या फूटभर कडेवर माती बसली की तिचं वजन मदतीला येतं. आत प्लास्टर आणि फरशी बसली की आणखी थोडं. सगळं मिळून काटा कसाबसा बरोबरीला येतो. उरलेलं काम आतल्या पाण्याने करायचं. पावसाळ्यात हौद कधीही रिकामा करायचा नाही, हा नियम आजच वहीत लिहून ठेवला.

आणखी दोन गोष्टी ठरवल्या. ६ फुटांचं टोक रद्द. मुलांचे पाय कुठेही टेकले पाहिजेत. तळाखाली अर्धा फूट खडीचा थर घालायचा, त्यात भोकं पाडलेला पाइप, आणि तो एका कोपऱ्यात उभा वर आणायचा. त्यात काठी घातली की खाली पाणी किती चढलंय ते कळेल, आणि कधी हौद उपसायची वेळ आलीच तर आधी तिथून उपसता येईल. ठेकेदाराने कागद दोनदा वाचला आणि "करू मॅडम" म्हणाला. मनापासून म्हणाला असं वाटलं.

२१ एप्रिल, सोमवार

खोदाई संपली. वरती वाळूमिश्रित माती, खाली पिवळसर मुरूम. जेसीबीच्या दातांत माडाची जुनी मुळं दोरखंडासारखी अडकत होती. ईशान्येच्या कोपऱ्यात मातीचे लोटे निघाले, रहाटाचे. एक अख्खा आहे. गळ्याशी दोरी बांधायची खाच, बुडाशी आतून क्षाराचा पांढरा थर. आबांच्या लहानपणी या विहिरीवर रहाट होता आणि रेडा फिरायचा. अष्टागरातल्या बहुतेक वाड्यांचं शिंपणं तेव्हा असंच चालायचं. लोटा त्यांनी स्वतः धुतला आणि देवघराच्या खिडकीत ठेवला.

२९ एप्रिल, मंगळवार

तळाची लादी पडली. सकाळी सहाला सुरुवात, दुपारी दोनला शेवट.

तळ आणि भिंत यांच्या सांध्यात रबरासारखी पट्टी असते, वॉटरस्टॉप. अर्धी लादीच्या काँक्रीटमध्ये, अर्धी भिंतीत. सांध्यातून पाणी निघालं तर तिथे अडतं. एका ठिकाणी ती सळईखाली आडवी दबली होती आणि वरून काँक्रीट येत होतं. मी ओरडले. फिटरचा पोरगा अठरा-एकोणीसचा असेल. त्याने घमेलं थांबवलं, पट्टी बोटांनी सरळ केली, तारेने दोन्ही बाजूंच्या सळयांना बांधली आणि मग पुढच्या वीस फुटांची प्रत्येक गाठ एकट्याने तपासली. कुणी सांगितलं नव्हतं. उद्या अक्षय्य तृतीया, त्याच्यासाठी आमरसाचा डबा ठेवला आहे.

७ मे, बुधवार

भिंती झाल्या. गोणपाट, दिवसातून तीनदा पाणी.

२५ मे, रविवार

पाच दिवस पाऊस आहे. आज मान्सून कोकणात आल्याचं जाहीर झालं. आमचा सगळा बेत १० जूनच्या हिशेबाने होता. भिंतींच्या बाहेरची माती अजून भरलेली नाही, हौदाभोवती साडेचार फुटी चर तसाच उघडा. चरात सकाळी एक फूट पाणी होतं, संध्याकाळी दीड. विहीर ११ वरून ७ फुटांवर आली.

ठेकेदाराचा फोन: हौदात साचलेलं पाणी उपसून कोरडा ठेवा, उघडीप मिळाली की लगेच वॉटरप्रूफिंग धरू.

पुन्हा हिशेब केला. बाहेर माती नाही, आत फरशी नाही. चरात तीन फुटांच्या वर पाणी गेलं की रिकामा हौद उचलणार. भिंतीवर बाहेरून खडूने तीन फुटांची रेघ मारली.

२६ मे, सोमवार

रात्री झोप नाही. पहाटे साडेतीनला विजेरी घेऊन गेले तर आबा आधीच छत्री घेऊन चराच्या काठावर उभे. पाणी रेघेच्या चार बोटं खाली.

"बाहेरचं काढायचं ना?" त्यांनी विचारलं.

"बाहेरचं काढून आत टाकायचं, आबा."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर. बुडवून वाचवायचा."

भाऊजींनी वाडीचा पंप ओढून आणला, फूटव्हॉल्व्ह चरात, नळी हौदात. माती, पाचोळा, सिमेंटची राळ, सगळं आत. इतक्या निगुतीने जपलेला तळ गढूळ पाण्याखाली जाताना पाहून पोटात तुटलं. पण आत दोन फूट पाणी झालं आणि खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आठ वाजता चारही कोपऱ्यांवर पातळीची नळी धरली. एक सूतही फरक नाही. त्याच दिवशी बातमी आली, मान्सून मुंबईत पोहोचला. नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी.

ठेकेदार अकराला आला. रागावला नाही. खडूची रेघ बघून बराच वेळ तिथेच उकिडवा बसला.

५ जून, गुरुवार

आठवडाभर उघडीप. चर आटला, हौद आतून भरलेला, त्यामुळे गळती बाहेरून तपासता आली. सांधा कुठेही ओला नाही. त्या पोराची वीस फुटं खडखडीत. फक्त पाण्याच्या पाइपाभोवती तळहाताएवढी ओल होती, ती न आकसणाऱ्या ग्राउटने बुजवली. आता थर देऊन मुरूम भरणं.

१४ जुलै, सोमवार

आबांनी जाळीचं झाकण उघडून विहिरीतून तांब्याने पाणी घेतलं. कोपऱ्यातल्या उभ्या पाइपातही काठी फुटावर भिजली. हौद काठोकाठ आहे, हिरवा, बेडकांनी भरलेला, आणि जागेवर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला. आता उभ्या पाइपातून खालचं पाणी आधी उपसून मग हौद रिकामा केला, घासला, आतलं वॉटरप्रूफिंग आणि आकाशी फरशी सुरू. बायकांसाठी आणि आबांच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या रुंद, एका बाजूला कठडा. भोवती चार फुटी कुंपण, फाटकाची कडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर.

३० नोव्हेंबर, रविवार

३८,००० लिटर, विहिरीतून, चार रात्री. दिवसा वाडीला पाणी, ही आबांची अट. पोफळीचं पाणी तोडून हौद भरायचा नाही.

पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून दोन दिवस पाहिलं. बादलीत आणि हौदात सारखंच उतरलं, साधारण पाव इंच. म्हणजे उन्हाने नेलं तेवढंच.

आज सकाळी आबा माळ्यावर चढले. दीड वर्षात पहिल्यांदा. नारळांची जोडी खाली आणली, जुनी काथ्याची दोरी ओढून पाहिली, तुटली, नवी वळली. मग कठडा धरून एकेक पायरी उतरले, छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले आणि पुतण्याकडे हात केला. तो फाटकाशीच थांबला होता. तो विसरला आहे, असं इतके दिवस मीच समजत होते.

"ये. पाय टेकतात रे, बघ," आबा म्हणाले.

तो आला. दोन नारळ काखेखाली, आबांचा तळवा पोटाखाली. अर्ध्या हौदापर्यंत गेले आणि परत आले. पाच फेऱ्यांनंतर आबांनी तळवा काढून घेतला. त्याला कळलं नाही, मला दिसलं.

विहीर ५ फुटांवर.