घंगाळातील होडी

हैदराबादला समुद्र नाही. तो पाहावयाचा तर आम्हां हैदराबादकरांना एक रात्र आगगाडीत काढून विशाखापट्टणम गाठावे लागते. परंतु कुतुबशाहीत, सोळाव्या शतकात, बांधलेला हुसेनसागर आमच्या शहराच्या मध्यभागी आहे, आणि त्याच्या बंधाऱ्यावर सायंकाळी उभे राहिले म्हणजे कधी कधी शिडाच्या होड्या दृष्टीस पडतात. लहानपणी मला नौकांचे वेड लागले ते याच बंधाऱ्यावर.

1990 सालच्या फेब्रुवारीत मी आठवीत होतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी एक होडी तयार केली. दीड वीत लांब, अरुंद, तीन उंच डोलकाठ्यांची, पांढऱ्या शुभ्र शिडांची. निळ्या कागदाच्या लाटांवर ती मोठ्या डौलाने उभी होती. परीक्षकांनी तिला दुसरे पारितोषिक दिले. ती पाण्यात तरते का, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आदल्या दिवशी न्हाणीघरातील घंगाळात मी ती सोडून पाहिली होती, आणि सोडल्याबरोबर ती आडवी झाली होती.

पुढे महिनाभरातच, 10 मार्च 1990 रोजी, ती दुर्घटना घडली. हुसेनसागरातील खडकावर उभारावयाची भगवान बुद्धांची एकपाषाणी मूर्ती तराफ्यावरून नेली जात होती. मूर्तीची उंची सुमारे 58 फूट आणि वजन 300 टनांहून अधिक. वाटेत तराफा कलला, मूर्ती तळाशी गेली, आणि तिच्याबरोबर काही माणसांचे प्राणही गेले. दोन-तीन दिवसांनी अण्णा मला बंधाऱ्यावर घेऊन गेले. पाणी शांत होते. लोक बोटाने जागा दाखवीत हळू आवाजात बोलत होते. अण्णा एका कचेरीत आरेखक होते. वजन आणि आधार यांचे हिशेब हा त्यांचा रोजचाच विषय. पण त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. घरी परतताना मात्र त्यांनी एकदम विचारले, "तुझी होडी पाण्यात तरते का रे?"

मी खरे ते सांगितले. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण ते एवढेच म्हणाले, "मग ती आपण पुन्हा बुडवू. बुडायचे ते घंगाळातच बुडू दे."

परीक्षा आटोपल्यावर आमचे प्रयोग सुरू झाले. प्रत्येक वेळी एकच बदल करावयाचा आणि काय घडले ते वहीत लिहावयाचे, असा अण्णांचा दंडक होता. प्रथम आम्ही डोलकाठ्या निम्म्या केल्या. उंचावरील वजन कमी झाल्याने होडीचा गुरुत्वमध्य खाली आला आणि ती थोडा वेळ उभी राहिली. पण फुंकर मारताच कलंडली. मग तळाशी लोखंडी खिळे ठेवले. अशा वजनाला आपले दर्यावर्दी 'नीरम' म्हणतात. होडी स्थिर झाली, म्हणून मी हौसेने आणखी खिळे भरले, तो पाणी काठाशी आले आणि होडी सरळ उभीच्या उभी बुडाली! पुढच्या खेपेस खिळे बेताचेच घेतले, तरी ती उलटली. तिला जरासे कलविताच सुटे खिळे घरंगळत खालच्या बाजूस गेले व त्यांनी तिला आणखी कलविले. नंतर तेच खिळे मेणाने घट्ट बसविले, तेव्हा होडी कलली आणि पुन्हा सरळ झाली. भार किती आहे यापेक्षा तो कोठे आहे आणि जागचा हलतो की नाही, याला अधिक महत्त्व आहे, हे मला त्या दिवशी कळले.

अखेरीस आम्ही दोन बोटे अधिक रुंद अशी दुसरी होडी केली. रुंद होडी कलली की तिची कललेली बाजू अधिक पाणी सारते, आणि त्या पाण्याचा वरच्या दिशेने येणारा रेटा तिला सरळ करतो. ही होडी काही केल्या उलटेना. पण परसातील हौदात दोन्ही होड्या एकाच वजनाच्या ओढीने दोऱ्याने ओढून पाहिल्या, तेव्हा रुंद होडीला पैलकाठ गाठावयास अधिक वेळ लागला. एक गुण वाढवावा तर दुसरा उणावतो. नौकेची रचना सुधारणे म्हणजे या दोहोंचा मेळ घालणे होय. कोकणच्या किनाऱ्यावरील मराठ्यांची गलबते हलकी, उथळ तळाची आणि वल्ह्यांनीही चालणारी होती. मोठ्या जहाजांइतक्या तोफा त्यांना पेलत नसत. पण मोठी जहाजे जेथे येऊ शकत नसत, त्या खाड्यांत ती सहज शिरत.

पुढे वाचनात स्वीडनच्या 'वासा' या युद्धनौकेची हकीकत आली. नांगरलेल्या नौकेवर 30 खलाशांना एका बाजूकडून दुसरीकडे धावावयास लावून तिची परीक्षा घेण्यात आली. ती इतकी डोलू लागली की परीक्षाच थांबविण्यात आली. नौका मात्र थांबविली नाही. 10 ऑगस्ट 1628 रोजी ती निघाली आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन बुडाली. ते वाचताना मला माझे निळ्या कागदाचे मेज आठवले. वासाचा दोष ठाऊक झाला होता, तसाच माझ्या होडीचाही झाला होता. माझ्या होडीत कोणी बसले नव्हते, एवढाच काय तो फरक!

याच्या उलट उदाहरण विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याचे. त्याने 1872 च्या सुमारास टॉर्की येथे एक लांब हौद बांधून त्यात मेणाचे नमुने ओढून पाहिले. नमुना जहाजाच्या 25 व्या हिश्शाएवढा असेल, तर त्याचा वेग जहाजाच्या वेगाच्या 5 व्या हिश्शाएवढा ठेवावा, म्हणजे दोघांच्या लाटांची आकृती सारखीच उठते, असा नियम त्याने मांडला. घर्षणाचा हिशेब तो वेगळा करी. मोठे जहाज बांधण्याआधी त्याला होणारा पाण्याचा विरोध असा लहान नमुन्यावरून अजमावता येऊ लागला. आज संगणकावरही नौका तरंगविता येतात. तरी नमुने ओढावयाचे हौद संपलेले नाहीत. विशाखापट्टणमच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतही तसा हौद आहे. त्याच नगरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कारखान्यातून 14 मार्च 1948 रोजी 'जलउषा' हे जहाज पाण्यात उतरले होते.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मी पारितोषिक घेऊन विज्ञानाच्या गुरुजींकडे गेलो आणि सारी हकीकत सांगितली. त्यांनी पारितोषिक परत घेतले नाही. मात्र माझी वही साऱ्या वर्गापुढे वाचावयास लावली. होडी किती वेळा बुडाली, हे वाचताना प्रथम मुले हसली. पुढे पुढे ती ऐकू लागली.

1 डिसेंबर 1992 रोजी ती मूर्ती पाण्याबाहेर काढण्यात आली आणि नंतर खडकावर उभी राहिली. आजही बंधाऱ्यावर गेलो की मी तिच्यापुढे हात जोडतो. त्या वेळी गेलेल्या माणसांचे मला स्मरण होते, आणि अण्णांचा प्रश्नही पुन्हा ऐकू येतो. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही जे काही घडवाल ते आधी घंगाळात सोडून पाहा. आणि ते बुडाले, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगा.